कानांचे दिवस

क्षेत्र महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. त्यातली वेण्णा लिंगमळ्यावरून उडी घेते, केळघरच्या अंगानं उतरत आमच्या मेढ्याला येते, पुढं कण्हेरच्या धरणात थांबते आणि संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. सावित्री त्याच डोंगराच्या पाठीमागून कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. मेढ्यात उभं राहून सावित्री दिसत नाही, तिचं नावही इथं फारसं कुणी काढत नाही. पण डोंगर एकच आहे. १८२९ साली, तिच्या मुखापासून हर्णैपर्यंतच्या त्या किनाऱ्यावर एक स्कॉटिश जोडपं मराठी शिकायला येऊन राहिलं होतं हे वाचलं, आणि तेव्हापासून ती नदीही मला आपल्यातलीच वाटते.

जॉन विल्सन. वय चोवीस. सोबत नुकतीच लग्न झालेली बायको मार्गारेट. १८२९ च्या फेब्रुवारीत दोघं मुंबईला उतरले आणि थोड्याच दिवसांत कोकणात गेले. मुंबईत राहूनही शिकता आलं असतं. पण बंदराच्या त्या शहरात इंग्रजी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी अशी कुठली ना कुठली भाषा मदतीला धावते, आणि माणूस वर्षानुवर्षं अर्ध्या भाषेवर निभावून नेतो. कोकणात ती सोय नव्हती. दूध हवं असलं, होडी हवी असली, ताप आलेला सांगायचा असला, तर मराठीवाचून गत्यंतर नाही. स्कॉटिश मिशनचं तिथलं काम १८२३ पासूनचं होतं. त्यांचा पहिला पाद्री डोनल्ड मिचेल त्याच वर्षी आला आणि वर्ष सरायच्या आत वारला. विल्सन पतिपत्नी ज्या किनाऱ्यावर पहिले धडे गिरवत होती, तिथं ही आठवण ताजी होती.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती या पहिल्या आठवड्यांची. विल्सनचं पुढचं आयुष्य चरित्रकारांनी भरभरून लिहिलं आहे. मुंबईतलं कॉलेज त्याच्या नावानं उभं आहे, विद्यापीठाचं कुलगुरुपद आहे, संस्कृत-फारसीचा व्यासंग आहे. पण ज्या माणसाला अजून काहीच बोलता येत नाही, जो नुसता कान होऊन बसला आहे, त्याच्याविषयी फार कमी लिहिलं जातं. आणि माझं तर ठाम मत आहे की त्या दिवसांत त्याच्या कानावर कुणाची मराठी पडली, यावरच पुढचं बरंचसं ठरत असतं.

त्याच्यासमोर काय वाढून ठेवलं होतं ते बघावं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून दोन वर्षं लांब होता. तो निघाला १८३१ साली. विल्यम केरी या पाद्र्याचं व्याकरण १८०५ चं आणि कोश १८१० चा, दोन्ही बंगालात श्रीरामपूरला छापलेले. केरीला मराठी शिकवली होती वैजनाथ पंडितांनी, तीही तिकडंच, कलकत्त्याच्या बाजूला. व्हॅन्स केनेडीचा कोश १८२४ चा. काही पुस्तकं बाळबोधीत, तर रोजचा कागदपत्र मोडीत, म्हणजे डोळ्यांना दोन लिप्या शिकवायच्या. आणि सकाळी पंडितजी समोर येऊन बसायचे.

आता या पंडितजींचा धडा मनात आणावा. नदी ती, ओढा तो, पाणी ते. भात तो, पेंढी ती, खाचर ते. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला या निर्जीव वस्तूंमधला नर-मादीचा हिशेब कुठल्याच नियमात बसत नाही. त्यावर कडी म्हणजे भूतकाळ. खाणारा एकच, पण मी भात खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी पिठलं खाल्लं. क्रियापद खाणाऱ्याकडं वळूनही बघत नाही, ताटातल्या पदार्थाच्या मागं जातं. नाव ऐकावं ‘मेढा’, आणि तिकडं जायला निघावं तर ते लगेच ‘मेढ्याला’ झालेलं. हे सगळं निदान व्याकरणात सापडतं. पण चाक आणि चार यांतला च लिहायला एकच, बोलायला दोन. जावई आणि जेवण यांतला ज तसाच. लिपीत त्याची खूण नाही. पुस्तक तिथं हात टेकतं. तो फरक फक्त कान शिकवतो, आणि कानाला शिकवायला बोलणारं माणूस लागतं. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही. आईनं चुलीपुढं बसून हाक मारली तेव्हाच ते होऊन गेलं. त्या चोवीस वर्षांच्या माणसाला ते दाढीमिशा आल्यावर करायचं होतं, लोकांच्या देखत.

पंडितजींची मराठी एक, आणि खिडकीबाहेरची दुसरी. पंडितजी शास्त्र शिकलेले, त्यांचं वाक्य संस्कृताच्या आधारानं चालणारं. खिडकीबाहेर बाणकोटी बोली, नाकातून येणारे स्वर, कोळणींची घाईची बोलणी, कोकणी मुसलमानांची वेगळी ढब. शिकणारा गोंधळतो. यातली खरी कुठली? हा प्रश्न मेढ्यातही पडेल. आमच्या स्टँडवर नवखा माणूस उतरला तर त्याला ऐकू येतं, कुठं निघालासा, वाईच बसा की, न्हाई ओ लई उशीर झाला. समोरच्या तहसील कचेरीत भिंतीवरच्या फलकाची मराठी निराळी, आतल्या कारकुनाच्या तोंडची आणखी निराळी. पावसाळ्यात तर इथं नुसत्या पावसासाठीच इतकं बोलणं असतं, भुरभुर सुरू झाली, पिरपिर लावलीय, सडाका येऊन गेला, झड लागली, की परक्याला वाटावं आठ दिवसांत आठ वेगवेगळ्या गोष्टी आभाळातून पडल्या.

बहुतेक पाद्र्यांनी पंडितजींची मराठी उचलली, आणि तसं होणं स्वाभाविक होतं. पंडित रोज येई, पगार घेई, चूक दाखवी. कोळीण कशाला थांबेल? त्यातून छापील पुस्तकांची जी मराठी तयार झाली, तिला लोक पुढं पाद्र्यांची मराठी म्हणू लागले. व्याकरण चोख, पण वाक्य कुणाच्या तोंडी न बसणारं. मला त्या पुस्तकांचा राग येत नाही. पहिल्या आठवड्यांत ज्यांच्या दारात जाता आलं नाही, त्यांची उणीव त्या वाक्यांत मला ऐकू येते. जात, सोवळं, साहेबाविषयीचं भय, आणि हा माणूस आपला धर्म बदलायला आला आहे ही रास्त शंका. एवढं सगळं त्या दाराशी उभं होतं. हेतू त्यांनी लपवला नव्हता आणि लोकांनाही तो कळत होता. हे मान्य करूनच मी त्यांच्या शिकण्याकडं आदरानं बघतो.

मार्गारेटला मात्र त्या दारातून आत जाता आलं असणार, निदान पडवीपर्यंत. नवऱ्याबरोबर तीही मराठी शिकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईत मुलींच्या शाळा काढायच्या खटपटीला लागली. मुलींना शिकवायचं तर आयांशी बोलावं लागतं, आयांशी बोलायचं तर घरातली मराठी लागते. सहा वर्षांनी, १८३५ साली, ती मुंबईत वारली. विल्सनविषयीच्या लिखाणात ती बाजूला राहून जाते, ते मला खटकतं.

शिकवणाऱ्यांचं तर त्याहून वाईट. ज्यांच्या तोंडून या परदेशी माणसांनी पहिलं वाक्य उचललं, त्यांतल्या किती जणांची नावं राहिली? कोशाच्या कामामुळं जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांचे सोबती शास्त्री टिकले. शास्त्र्यांचा तो मराठी-मराठी कोश १८२९ चाच, म्हणजे विल्सन कोकणात पहिली अक्षरं गिरवत होता त्याच साली मराठी माणसांनी आपल्या भाषेचा कोश छापून हाती दिला. गणपतराव नवलकरांचं इंग्रजीतून लिहिलेलं मराठी व्याकरण पुढं पिढ्यान् पिढ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती राहिलं, म्हणून त्यांचंही नाव आहे. बाकीचे पंतोजी, स्वयंपाकी, होडीवाले, दारात खेळणारी पोरं, यांच्या नावानं काही नाही. पोरं तर फार चांगले शिक्षक असतात. तीच ती गोष्ट दहा वेळा सांगायला त्यांना कंटाळा येत नाही.

कान लवकर उघडला तर काय होतं, याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण विल्सनच्याही अडीचशे वर्षं आधीचं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला. तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्यानं वडिलांना पत्र लिहिलं. त्यात प्रवास आहे, मासे आणि समुद्रपक्षी आहेत, जहाजावरच्या आजाऱ्यांचे हाल आहेत. आजूबाजूला जे बोललं जात होतं ते अजून त्याच्या कानाला आवाजच होते. चार वर्षांनी भावाला लिहिताना मात्र तो सांगतो की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्सनं कलकत्त्यात हेच जाहीरपणे मांडलं १७८६ साली. दोनशे वर्षांचं अंतर! आणि स्टीफन्स तिथं थांबला नाही. साष्टीतल्या गावांत राहिला, लोकांच्या कानात पुराणाची ओवी किती खोल बसली आहे हे त्यानं ओळखलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या पुराणांच्या जागी आपल्यालाही काही वाचायला द्या असं मागितलं, ते त्यानं ऐकलं. १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. पण कानानं वाचलं तर त्यात परका कुठं सापडत नाही. सदतीस वर्षं लागली त्याला. विल्सननं वर्षाच्या आत मराठीत प्रवचन केलं, त्याचंही कौतुक आहेच. पण प्रवचन करता येणं वेगळं आणि ओवी होणं वेगळं.

आमच्या मुलखात अशी शिकवणी औषधाच्या निमित्तानं झाली. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ साली सांगलीला आला, तोही चोवीस वर्षांचाच. १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ उघडलं, आणि मिरज हे गाव दक्षिण महाराष्ट्राच्या दुखण्यांचं माहेरघर झालं. डॉक्टरची मराठी पाद्र्याहून लवकर जमिनीवर येते, कारण त्याच्यापुढं बसलेला माणूस पंडितांच्या भाषेत कण्हत नाही. ठणकतंय, सलतंय, खुपतंय, चमक भरली, कळ येतीय, मुरडा पडलाय, मुंग्या येत्यात, अंग मोडून आलंय, डोकं गच्च झालंय. यातलं एक चुकीचं ऐकलं तर औषध चुकतं. दुखण्याचं हे सगळं शिकायला व्याकरण नको, खाटेशेजारी बसायला हवं. घाटावरच्या कुठल्याही इस्पितळात परगावच्या नव्या डॉक्टरला पहिले काही आठवडे हेच करावं लागतं. म्हातारी सांगते, डॉक्टर ऐकतो, बरोबर आलेली सून मध्येच सोपं करून सांगते. ती सून म्हणजे त्याची पहिली मराठीची बाई.

फलटणला मॅक्सीन बर्नसन राहिल्या त्याही अशाच ऐकण्यातून. त्या मिशनरी नव्हत्या, अमेरिकेतून आलेल्या अभ्यासक. त्यांनी पीएच.डी.साठी विषय घेतला तो फलटणच्या बोलण्याचाच. कोण, कुठल्या आळीत, कसं बोलतं. आणि मग त्याच गावात कमला निंबकर बालभवन उभं केलं, तिथल्या मुलांना वाचायला शिकवलं. सातारा जिल्ह्याच्या बोलीकडं एवढ्या आस्थेनं कान लावणारं माणूस सातासमुद्रांपलीकडून यावं, याचा मला आनंद वाटतो आणि थोडी टोचणीही लागते.

या सगळ्याची उलटी बाजूही आहे, आणि ती मला फार जवळची आहे. १८८३ साली पंचवीस वर्षांची पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली. वॉन्टेजच्या मठात राहिली. त्या मठाचं काम पुण्यात आधीच सुरू होतं. ठरलं असं की रमाबाईनं तिथल्या भगिनींना मराठी शिकवायची आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकायची. म्हणजे पुण्याला निघालेल्या त्या तरुण इंग्रज बायकांचा मराठीचा पहिला धडा इंग्लंडातल्या थंडीत, एका मराठी बाईच्या तोंडून झाला. पंतोजी नाही, पंडित नाही, पंडिता. आणि तिची अडचण अशी की तिला ऐकायला कमी येत असे. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं मनात होतं, ते त्या कानांमुळंच राहिलं. ज्या वयात परकी भाषा कानातूनच शिरायला हवी, त्या वयात तिनं ती अर्ध्या कानानं पकडली, आणि वर दुसऱ्यांच्या कानांना आपली भाषा शिकवली. पुढं इंग्रजीतून लिहिलेलं तिचं पुस्तक अमेरिकेत हजारोंनी वाचलं.

तिनं शेवटी जे काम हाती घेतलं, त्यात मला पाद्र्यांच्या त्या जड मराठीला दिलेलं उत्तर दिसतं. केडगावच्या मुक्ती सदनात तिच्याभोवती दुष्काळातून आलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या बायका होत्या. बायबलची छापील मराठी त्यांना कळत नव्हती. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मुळावरून नवं भाषांतर करायला बसली, त्या बायकांना वाचून दाखवलं तर समजेल अशा मराठीत. वर्षानुवर्षं ते काम चाललं. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. ते पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी छापलं.