सोमवारी विसरणारं मशीन

"दर सोमवारी विसरूनच राह्यलं ना बावा हे," असं अर्जनवीस काका तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, "काका, मशीनला वार नाही कळत."

काका प्लॉटचे कागद करतात. आमच्या हुडकेश्वरात प्लॉट म्हटला की सातबारा, नकाशा, आर. एल., विक्रीपत्र आलंच, आणि काकांकडे प्रत्येक प्लॉटचं वेगळं फोल्डर. आत सगळं यादीत, ताजी फाइल वर. सोमवारी मशीन सुरू केलं की ही मांडणी गायब. फाइली जागेवर, पण थंबनेल हे एवढाले, आणि ताजी फाइल भलतीकडेच.

आधी मी फोल्डरचा प्रकार बघितला. फोल्डरात जेपीजी जास्त दिसले की विंडोज त्याला फोटोंचं समजतं, आणि काकांचे स्कॅन सगळे जेपीजीच. 'जनरल आयटम्स' करून दिलं. सोमवारी पुन्हा तेच. मग विचारलं, बोर्डावरून बटण दाबून बंद करता का? उघड्या विंडोची मांडणी ती नीट बंद झाली तरच लिहिली जाते. लाईन गेली की राहून जाते. पण काका शटडाउन केल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत. राहिला बॅगएमआरयूचा आकडा. एक्सपी चारशे फोल्डरांची मांडणी लक्षात ठेवायचं, व्हिस्टापासून पाच हजारांची. काकांची फोल्डरं जेमतेम साडेसहाशे, म्हणजे त्याचा काही संबंधच नव्हता. तरी मी रजिस्ट्री उघडून दहा हजार करून टाकले. रजिस्ट्री उघडली की बाजूला बसलेलं गिऱ्हाईक गप्प होतं, आणि ते मला आवडतं.

हल्ली म्हाळगीनगर चौकापासून इकडे दर चौथ्या दुकानात 'फॉरमॅट मारून देऊ' हेच उत्तर मिळतं. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट. फॉन्ट दिसत नाही, फॉरमॅट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून तर 'नवीन लॅपटॉपच घ्या'. त्यांना कारण शोधायचंच नसतं. मी शोधतो, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असतो.

दुकानात दोन महिन्यांपासून एक मुलगी शिकायला येते. काकांचं सोमवारचं बोलणं तिनं खरं धरलं. टास्क शेड्युलर उघडला आणि आठवड्यातून एकदा काय चालतं तेवढंच बघत गेली. सोमवार, सकाळी दहा: 'सफाई' नावाची बॅच फाइल. तिनं ती नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत आमच्या दुकानाचं नाव, खाली २००९.

"सर, ही तुमची हाय का?"

माझीच होती. एक्सपीचे चारशे भरले की विंडोज गोंधळायचं, तेव्हा बॅग्ज, म्हणजे या मांडणीच्या नोंदी, साफ करून टाकणं हा इलाज होता. सेव्हन आल्यावर बॅग्जच्या नवीन जागेच्या दोन ओळी मीच वाढवल्या. टेम्पररी फाइली, रिसायकल बिन आणि जाता जाता बॅग्जही. पेनड्राइव्हवरून ती फाइल मी फॉरमॅट केलेल्या प्रत्येक मशीनवर गेली. मशीन कसं फास्ट चालतं, असं लोक म्हणायचे.

बॅग्जच्या ओळी पुसल्या. पुढच्या सोमवारी काकांची फोल्डरं यादीतच उघडली, ताजी फाइल वर. काय झालं होतं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, "विंडोजचाच प्रॉब्लेम होता," आणि तीनशे रुपये घेतले. मुलगी तेव्हा कीबोर्ड पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

पैसे अजून परत केलेले नाहीत. पण हुडकेश्वर, पिपळा, बेसा या भागात २००९ नंतर कुणी माझ्याकडून मशीन बनवून घेतलं असेल आणि ते सोमवारी विसरत असेल, तर दुकानात घेऊन या. दहा मिनिटांचं काम आहे, पैसे लागणार नाहीत.