अंगण खरोखरच वांकडें होतें

आमच्या घरीं न्यायदानाचें काम माझ्याकडे असतें. निवृत्त मास्तराला याहून योग्य उद्योग तो कोणता? नारायण पेठेंतील आमचा जुना वाडा पडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तरी दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें अजून एका चुलीवर जेवतात. आणि जेथें तीन नातवंडें तेथें रोज एक खटला उभा राहावयाचाच. रबर कोणीं हरविलें, खिडकीजवळची जागा कोणाची, आंब्याची मोठी फोड कोणाला मिळाली, अशा वादांचा निकाल मी आरामखुर्चींत बसून देत असतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, पुढें पाठशाळेंत शिकलेला. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. मुलगा खरें बोलतो कीं खोटें हें त्याच्या मानेवरून मला ओळखतां येतें, असा माझा दृढ समज होता. गेल्या मे महिन्यांत तो समज गेला.

ज्या वस्तूमुळें तो गेला ती मुलांची हातांत धरून खेळावयाची वस्तु. थोरले चिरंजीव कचेरीच्या कामासाठीं परदेशीं गेले होते, त्यांनीं येतांना आणली. आकार पोथीसारखा; आडवा आणि चपटा. मधोमध पडदा, दोहों बाजूंस बारीक कळा, आणि प्रत्येक अंगठ्याखालीं टोपी घातलेला एक बुटका दांडा. मुलें त्याला 'स्टिक' म्हणतात. डावा दांडा ज्या दिशेला कलवावा त्या दिशेला पडद्यावरचा वीर चालूं लागतो.

त्या दुपारीं थोरल्याचा मुलगा, वय वर्षें तेरा, रडकुंडीस येऊन माझ्यापुढें उभा राहिला. मागोमाग धाकट्याचा मुलगा आला. तो नऊ वर्षांचा. फिर्याद अशी कीं, मोठ्यानें आठ दिवस खपून आपला वीर एका उंच कड्यावर चढवून नेला होता. इतक्यांत त्याला तहान लागली. "हें नुसतें धर, कशालाहि हात लावूं नकोस," असें धाकट्याला बजावून तो पाणी प्यावयास गेला, आणि परत येऊन पाहतो तों वीर दरींत! त्या खेळांत मेलेल्याला पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो म्हणे.

धाकट्याची जबानी लहानशीच होती. "आजोबा, मीं अंगठा लावलाच नव्हता. तो आपला आपणच चालत गेला."

मीं त्याच्या मानेकडे पाहिलें. ती खालीं होती. नऊ वर्षांच्या मुलाची मान आजोबांपुढें खालींच असावयाची, हें त्या वेळीं मला सुचलें नाहीं. "बाळ, आपला आपण कोणी दरींत जात नसतो," मी म्हणालों. "नाचतां येईना, अंगण वांकडें, त्यांतलें हें." बाकीचीं दोघें हंसलीं. मीं निकाल दिला: खेळ आठ दिवस कपाटांत कुलुपाखालीं, आणि सत्याविषयींचें एक सुभाषित दहा वेळां लिहून आणावें. त्यानें तें लिहून आणलें. अक्षर सुरेख होतें. कागद माझ्या टेबलावर ठेवून तो एक शब्दहि न बोलतां निघून गेला.

त्यानंतर तो माझ्याशीं बोलेना. संध्याकाळीं ओंकारेश्वराला जातांना त्याचा हात नेहमीं माझ्या हातांत असावयाचा. तो आतां आजीचा हात धरून चालूं लागला. "पोर खोटें बोलणारें नाहीं हो," असें सौभाग्यवतीनें एकदां म्हणून पाहिलें. तिला पुराव्याचा कायदा ठाऊक नाहीं, असें मीं मनांत म्हटलें.

पांचव्या दिवशीं दुपारीं घर निजलें असतां मीं ती वस्तु कपाटांतून काढली. उद्देश शुद्ध नव्हता हें कबूल करतों. हें प्रकरण आहे तरी काय, तें मला पाहावयाचें होतें. मुलांच्या मागें उभा राहून चालू करण्याची रीत पाहिलेली होती. पडद्यावर हिरवें माळरान आलें, मध्यें तो वीर उभा. नीट दिसेना म्हणून वस्तु टेबलावर ठेवली आणि धोतराच्या सोग्यानें चष्मा पुसूं लागलों. चष्मा डोळ्यांवर चढवून पाहतों तों वीर डावीकडे चालला होता! सावकाश, पण निश्चयानें. माझे दोन्ही हात तर चष्म्यांत गुंतलेले होते. मीं त्याला परत मध्यावर आणून हात मांडीवर ठेवले. क्षणभर तो उभा राहिला आणि पुन्हा डावीकडे निघाला. तीन वेळां मीं हा प्रयोग केला. तिसऱ्या वेळीं तो ओढ्यांत पडला.

घरांत कोणी जागें नव्हतें. खेळ पुन्हा कुलुपांत ठेवला असता तर कोणालाहि कांहीं कळलें नसतें. तो विचार माझ्या मनांत आला नाहीं असें लिहिलें तर खोटें होईल.

दुसऱ्या दिवशीं धाकट्या मुलाला बरोबर घेऊन मी बुधवारांतील तपकीर गल्लींत गेलों. विजेच्या वस्तूंची ती पेठ. एका बोळाएवढ्या दुकानांत एक तरुण भिंग लावून बसला होता. त्यानें चार स्क्रू काढून तो दांडा उघडा करून दाखविला, आणि माझे प्रश्न न कंटाळतां ऐकून घेतले. दांड्याच्या बुडाशीं दोन इवलेसे रोधक असतात, एक आडव्या हालचालीसाठीं, दुसरा उभ्या. प्रत्येकांत कार्बनचा पातळ लेप दिलेली पट्टी असते व तीवरून धातूची एक बारीक जीभ सरकते. जीभ कोठें आहे त्याप्रमाणें विजेचा दाब बदलतो, आणि त्यावरून अंगठा कोणीकडे कलला हें यंत्राला कळतें. अंगठा उचलला कीं स्प्रिंग दांड्याला मध्यावर आणते. पण घासघासून लेप झिजतो, त्याची पूड तेथेंच सांचते, वरून धूळ शिरते, स्प्रिंगहि सैल पडते. मग दांडा मध्यावर उभा असूनहि दाब मध्याचा येत नाहीं. यंत्र समजतें, कोणी तरी आपल्याला डावीकडे रेटीत आहे. या विकाराला 'ड्रिफ्ट' असें नांव आहे. यावरून 2019 पासून अमेरिकेंत ग्राहकांनीं कोर्टांत दावेहि लावले आहेत.

"मग थोरल्या मुलाला हें कधींच कसें जाणवलें नाहीं?" मीं विचारलें. उत्तर सोपें होतें. त्याचा अंगठा दांड्यावर अखंड रेटलेला. त्या रेट्यांत एवढीशी चूक बुडून जाते. दांडा मोकळा सोडला तरच ती दिसते. म्हणजे ज्यानें तो झिजविला त्याला दोष ठाऊक नाहीं, आणि ज्यानें आज्ञा पाळून नुसता हातांत धरला तो चोर ठरला.

मध्याभोंवतींची थोडी जागा यंत्रानें न मोजावी अशी सोय सेटिंगमध्यें करतां येते. परंतु झीज वाढली कीं तीहि पुरत नाहीं, आणि बारीक हालचाल बोथट होते. खरा उपाय घासणेंच टाळण्याचा. दांड्याला चुंबक लावून त्याचें स्थान दुरूनच मोजावें, अशी एक रचना आहे. तिचें मूळ तत्त्व एडविन हॉल यानें 1879 सालीं शोधून काढलें, आणि सेगा कंपनीनें 1998 सालच्या आपल्या ड्रीमकास्ट यंत्राच्या कंट्रोलरमध्यें तें वापरलेंहि होतें. एवढें जुनें ज्ञान हातीं असतां झिजणारी पट्टीच सर्रास घातली जाते ती स्वस्त पडते म्हणून, असें तो तरुण म्हणाला. त्यानें चुंबकाचा दांडा बसवून दिला आणि जुना एका पुडींत बांधून माझ्या हातीं ठेवला.

या शोधाची किंमत माझ्या अंगठ्यानेंहि दिली. वीर ओढ्यांत पडल्यावर त्याला बाहेर काढण्याच्या नादांत त्या दुपारीं मी दीड तास खेळलों (हें घरांत अद्याप कोणाला सांगितलेलें नाहीं). रात्रीं अंगठ्याच्या मुळाशीं ठणका लागला, पाण्याचा तांब्या उचलवेना. डॉक्टरांनीं अंगठा मुठींत मिटून मनगट करंगळीकडे वांकवावयास सांगितलें, आणि मी जवळजवळ ओरडलोंच. अंगठ्याचे स्नायुबंध मनगटाजवळ ज्या नळींतून जातात तिला सूज येण्याचा हा विकार. 1895 सालीं स्विस शस्त्रवैद्य द क्वेर्व्हां यानें त्याचें वर्णन केलें, म्हणून त्याच्याच नांवानें तो ओळखला जातो. फळ्यावर छत्तीस वर्षें खडू धरून जें झालें नाहीं तें दीड तासांत झालें! नंतर नीट पाहिलें तेव्हां कारण दिसलें. एवढी चपटी वस्तु धरतांना तळहाताला टेकावयास जागा नाहीं, करंगळीला कांहीं आधार नाहीं; सारें वजन बोटांवर तोलून अंगठ्यानें वांकडें होऊन बारीक कळा शोधावयाच्या. पूर्वीं अशा वस्तूंना दांडा नसे. 1982 सालीं निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यानें हातांतल्या खेळासाठीं अधिक चिन्हाच्या आकाराची चपटी कळ काढली. ती खिशांत मावे. पुढें मोठ्या यंत्रांवरचा दांडा या पातळ देहांत दडपून बसविण्यांत आला, तेव्हां तोहि आंखूड झाला आणि अंगठाहि आंखडला. द्रोणाचार्यांनीं नेमका अंगठाच कां मागितला, हें त्या आठवड्यांत मला नव्यानें कळलें.

आणि मग आठवलें कीं धाकटा दिवाळीपासून म्हणत होता, "आजोबा, खेळतांना अंगठा दुखतो." मी उत्तर देत असें, "मग खेळूं नये."

रात्रभर मला झोंप आली नाहीं, ती केवळ अंगठ्यामुळें नव्हे. 1987 सालीं आठवींत एक मुलगा होता. त्याच्या संस्कृतच्या वहींत पानोपानीं शाईचे डाग. एके दिवशीं वही सर्व वर्गाला दाखवून मीं हीच म्हण वापरली होती. "सर, पेनच गळतें," तो म्हणाला होता. वर्ग हंसला होता. पुढें परीक्षेच्या वेळीं त्याच्या बाकाजवळून जातांना त्याचें पेन पाहिलें: निबेला चीर गेलेली, आणि मानेला दोरा गुंडाळलेला. मी पुढच्या बाकाकडे गेलों. बोलावयास वेळ होता, दुसऱ्या दिवशींहि होता, सबंध वर्ष होतें. त्यानें पुढच्या वर्षीं शाळा बदलली.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं सगळे जेवावयास बसले असतां मीं सांगितलें कीं निकाल चुकला होता. अंगण खरोखरच वांकडें होतें. आणि तो जुना दांडा पुडी सोडून सर्वांना दाखविला. मोठ्यानें धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. सुनेनें पदर डोळ्यांला लावला, तो कां, तें मला नीटसें कळलें नाहीं. धाकटा मात्र ताटाकडे पाहत होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "मग तें दहा वेळां लिहिलेलें?"

"तें फुकट गेलें," मी म्हणालों.

"मग आतां तुम्हीं लिहा."

सौभाग्यवती हंसली; चिरंजिवांनीं त्याला दटावण्यासाठीं तोंड उघडलें, तों मीं हातानें थांबविलें. जेवण झाल्यावर मीं कागद घेतला. अंगठ्याला पट्टा बांधलेला होता, त्यामुळें अक्षर कांहीं चांगलें येईना. तो शेजारीं उभा राहून ओळी मोजीत होता. जुना दांडा त्यानें आपल्या कंपासपेटींत ठेवला होता, आणि मधून मधून पेटी उघडून तो तेथें आहे ना हें पाहत होता. दहावी ओळ संपल्यावर त्यानें कागद उचलून दिव्याखालीं धरला आणि बारकाईनें वाचला. आठव्या ओळींत माझा विसर्ग राहून गेला होता; तेवढा त्यानें मला घालावयास लावला.