परवान्यावरचा माणूस

जन्मठेपेचा कैदी तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो, गावी जातो, शेतात राबतो, आणि तरीही त्याची शिक्षा चालूच असते. मध्य प्रदेशात १९५४ पासून हे कायद्याने शक्य आहे. कैद्याचे पूर्वायुष्य आणि तुरुंगातली वर्तणूक पाहून तो यापुढे गुन्ह्यापासून दूर राहील अशी सरकारची खात्री पटली, तर त्याला परवान्यावर सोडता येते. मात्र कुणाच्या तरी देखरेखीखाली: सरकारी अधिकारी, जबाबदारी घेणारी एखादी व्यक्ती किंवा संस्था. अटी मोडल्या की परवाना रद्द आणि पुन्हा तुरुंग. काही गुन्हे नियमांनी वगळले आहेत; खून सरसकट वगळलेला नाही.

देशभर लागू असलेला १९५८ चा परिवीक्षा कायदा इतका पुढे जात नाही. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तो करणाऱ्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मुभा त्यात नाही. त्यामुळे मध्य प्रदेशात देखरेख करणाऱ्याच्या वाट्याला येणारी माणसे वेगळी असतात. कुणाच्या हातून जीव गेलेला असतो, आणि ज्याचा गेला त्याचे घर बहुतेक वेळा त्याच गावात असते.

उज्जैनचे केंद्रीय जेल भैरवगडला आहे, कालभैरवाच्या देवळापासून जवळच. शिंद्यांच्या काळापासून इथे स्थिरावलेल्या एका मराठी घरातली परिवीक्षा अधिकारी या कामात मुरलेली आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी, खेड्यात माळवी. गावातले लोक तिला ‘मॅडम’ म्हणतात, म्हाताऱ्या बायका ‘बेटा’ म्हणतात. एखाद्या कैद्याचे नाव सुटकेसाठी पुढे आले, की त्याच्या गावी चौकशीला जायचे, हा तिच्या कामाचा गाभा. कागदावर ही चौकशी अर्ध्या दिवसात उरकते. ठाण्यात नोंदी पाहायच्या, सरपंच आणि कोटवाराशी, म्हणजे गावच्या चौकीदाराशी, बोलायचे, घरच्यांचा जबाब घ्यायचा. सगळे एकच सांगतात: ‘आता सुधारलाय.’ त्यात खोटे काही नसते, पण कामाचेही काही नसते.

तराना भागातल्या एका गावात तिने कैद्याच्या धाकट्या भावाला सांगितले, ‘मला तुमच्या घरापासून विहिरीपर्यंत घेऊन चला.’ भाऊ गोंधळला. मॅडमना विहीर कशाला पाहायची? दोघे निघाले. पिठाची गिरणी मागे पडली, मारुतीचा पार मागे पडला, वाट एका बोळात शिरली आणि एका घराच्या ओट्याला अगदी घासून पुढे गेली. ओट्यावर एक बाई गहू निवडत बसली होती. भावाने मान खाली घातली आणि पाय उचलला. बोळ ओलांडल्यावर तो हळूच म्हणाला, ‘त्यांचंच घर.’ विहिरीला दुसरी वाट नव्हती. रब्बीत शेतीची वीज अनेकदा रात्रीची येते. म्हणजे हा माणूस सुटून आला, की हातात बॅटरी घेऊन रात्री-अपरात्री मयताच्या ओट्यासमोरून जाणार. एखाद्या रात्री कुणीतरी प्यायलेले असेल, कुणीतरी काहीतरी बोलेल.

तिने अहवालात माणूस चांगला की वाईट यावर दोनच ओळी लिहिल्या. बाकी सगळे त्या वाटेबद्दल होते. ओलिताचे काम भावाकडे राहावे, सुटणाऱ्याला पहिले वर्ष उज्जैन शहरात रोजगार मिळावा, गावी यायचे तर दिवसा आणि कोटवाराला कळवून, अशा अटी तिने सुचवल्या.

तिचे म्हणणे एवढेच, की धोका जसा माणसात असतो तसा तो वेळेत, जागेत आणि सोबतीतही असतो, आणि देखरेख करणाऱ्याला यातले शेवटचे तीनच हाताळता येतात. माणसाच्या मनात काय आहे हे तिला दिसत नाही. तो संध्याकाळी सातला कुठे असतो, मजुरी कोणाच्या हातात पडते, रात्री जेवायला शेजारी कोण बसते, हे मात्र विचारून कळते आणि पुन्हा पडताळता येते. म्हणून हजेरीला आलेल्या माणसाला ती ‘कसं चाललंय?’ असे विचारत नाही. ‘काल मंडीतून कधी सुटलात? मग कुठे गेलात?’ असे विचारते. दोन हजेऱ्यांतली उत्तरे एकमेकांशी जुळेनाशी झाली, की ती गावाकडे निघते.

उज्जैनमध्ये काम शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून भाविकांची गर्दी वाढली, लॉज आणि भोजनालये वाढली. पण जन्मठेपेच्या माणसाला ठेवून घेणारा मालक शोधावा लागतो आणि त्याच्यापासून काही लपवून चालत नाही. १९५८ च्या कायद्याने तर परिवीक्षाधीन माणसाला योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरवले आहे. परवान्यावरच्या माणसालाही ती तोच न्याय लावते.

कसोटी लागते ती हजेरी चुकल्यावर. सोयाबीनच्या काढणीत मजुरीचा दर चढतो आणि माणसे टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जातात. अट मोडलेली असते. तिने तसे वर कळवले तर परवाना धोक्यात येतो. न कळवले आणि काही घडले, तर एक जीव जातो. ती आधी कोटवाराला फोन लावते, मग टोळीच्या मुकादमाला. माणूस खरेच शेतात असेल तर त्याला परत बोलावून लेखी खुलासा घेते आणि तो खुलासा कागदोपत्री लावते. चूक झाकायची नाही आणि फुगवायचीही नाही, हा तिचा शिरस्ता आहे.

अशा माणसांवर भरवसा टाकण्याचे धाडस मराठी मुलखाने फार आधी केले आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीविना राहिले, शेती करू लागले. ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. मध्य प्रदेशातही १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे ठेवली आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी मुंगावलीला खुले कारागृह सुरू झाले.

या दोन्ही ठिकाणी माणसे एका जागी होती आणि सांभाळणारा त्यांच्यात वावरत होता. उज्जैनच्या अधिकाऱ्याची माणसे महिदपूर, बडनगर, खाचरोद अशी जिल्हाभर विखुरलेली असतात आणि तिच्याकडे एक टेबल, एक फोन आणि मिळेल तेव्हा गाडी असते. तिला या कामासाठी आणखी माणसे हवी आहेत, आणि त्याहून निकडीची एक गोष्ट हवी आहे. सुटकेच्या प्रत्येक चौकशीत मयताच्या घरी जाणे सक्तीचे व्हावे. परवानगी मागायला नव्हे. तो माणूस कधी येणार, कोणत्या वाटेने जाणार, काही झाले तर फोन कोणाला करायचा, हे त्या घराला आधी सांगायला. गहू निवडणाऱ्या त्या बाईला तिने आपला नंबर दिला आहे. बाईने तो मुलाच्या मोबाइलमध्ये घालून घेतला आणि विचारले, ‘रविवारी लागतो का?’ ती म्हणाली, ‘लागतो.’