नातवंडांची बाग आणि आजोबांचा बाक

नातवंडाला बागेत न्यायचे ठरले, की घरात पहिली चौकशी होते ती झोपाळ्याची आणि घसरगुंडीची. बाक सावलीत आहे का, उठताना आधाराला त्याला हात आहेत का, स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, हे कोणी विचारत नाही; आणि सोबत जाणारे आजी-आजोबा तर संकोचाने मुळीच विचारत नाहीत. हा संकोच किती महागात पडतो, ते एका प्रसंगावरून सांगतो.

बारामतीतील सत्तरी ओलांडलेले एक आजोबा रोज संध्याकाळी सहा वर्षांच्या नातीला बागेत नेत. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. बागेत लघवीला लागली तर पंचाईत, म्हणून दुपारपासून ते पाणीच घेत नसत. एके दिवशी नातीने हाक मारली म्हणून बाकावरून झटकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. सुदैवाने हाड मोडले नाही. मी तपासले तेव्हा बसून घेतलेला रक्तदाब ठीक होता. उभे करून घेतला, तर तो बराच उतरला. घरच्यांनी भीतीपोटी बाग बंद केली. आजोबांचे चालणे थांबले, नातीचे खेळणे थांबले. त्या पडण्याइतकेच हे थांबणेही मला गंभीर वाटले. घरात बसून राहिलेल्या वृद्धाच्या मांड्यांतील शक्ती लवकर घटते आणि पुढचे पडणे अधिक जवळ येते.

उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. त्यामुळे तहान लागण्याची वाट पाहू नये, थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. गोळीची वेळही त्यांच्याच सल्ल्याने बदलावी, स्वतः बंद करू नये. बाकावरून उठण्यापूर्वी पावले दोन-चार वेळा वर-खाली हलवावीत आणि उभे राहिल्यावर क्षणभर आधार धरून थांबावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर असावी.

आता जागांविषयी. बारामती शहरातून नीरा डावा कालवा वाहतो. त्याच्या काठाची सपाट वाट चालण्यास उत्तम. मात्र पाणी जवळ असल्याने लहान मुलाचा हात सोडू नये, आणि ज्यांना मुलामागे धावणे जमत नाही त्यांनी एकट्याने नातवंड घेऊन तेथे जाऊ नये. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली घोषित झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे हे माळरान. पण मुलांना चिंकारा दाखवायला याहून सोयीची जागा या भागात नाही. मोरगावच्या दर्शनाला जोडून पुष्कळ कुटुंबे तेथे जातात. दर्शन आटोपून भर दुपारी जाणे मात्र चुकीचे. माळावर दाट सावली नसते आणि चिंकाराही त्या वेळी कोठेतरी दडून बसलेला असतो. आधी अभयारण्य, मग गणपती, असा क्रम ठेवल्यास देव रागावणार नाही.

माझी खरी ओढ आहे ती इंदापूर तालुक्यातील भिगवणकडे. भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यावर पाणपक्ष्यांचे मोठे संमेलन भरू लागले. जानेवारी ते मार्च या काळात कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून अन्न गाळताना दिसतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही भेटतात. मच्छीमारांच्या होड्यांतून जवळ जाता येते. होडीत चढताना एक पाय काठावर आणि दुसरा हलत्या फळीवर असतो, हे गुडघे दुखणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. चढायचेच असेल तर दोघांचा आधार आणि अंगात जीवरक्षक जाकीट हवे. नाहीतर घडीची खुर्ची, टोपी आणि दुर्बीण घेऊन काठावर बसावे. त्यात कमीपणा काही नाही.

शिवाय काठावर बसणाऱ्याजवळ नातवंडाला देण्याजोगे एक धन असते, ते म्हणजे धरणापूर्वीची आठवण. या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. ते पाहायला मात्र सूर्योदयालाच जावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे.

त्या आजोबांना मी फेब्रुवारीत कुंभारगावला जाण्याची परवानगी दिली. नात वडिलांबरोबर होडीत गेली, आजोबा काठावर खुर्चीत बसले. पुढच्या तपासणीला दोघे बरोबरच आले. उभ्याने घेतलेला रक्तदाब या वेळी फारसा उतरला नाही. मी पट्टा सोडत असताना नातीने माझ्याकडे तक्रार केली, की आजोबांनी पाणी पिऊन पिऊन येताना दोनदा गाडी थांबवायला लावली.