चंद्रभागेच्या वाळूतील वळ्या

कोथरूडच्या कडेने जाणारी मुठा काळ्या खडकावरून वाहते, आणि खडक पाण्याला वाट देत असला तरी स्वतः जागचा हलत नाही. हेच पाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात आणि धरणाखाली, भीमेलाच चंद्रभागा म्हणतात त्या पंढरपूरच्या वाळूत उतरते. हा बदललेला तळ पाहण्यासाठीच कोथरूडहून हा प्रवास झाला. सोलापूर रस्त्याविषयी सांगण्याजोगे काही नाही, आणि पहिला दिवस दर्शनाच्या रांगेत सरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुंडलिकाच्या देवळापलीकडे घोटाभर पाण्यात, तळावर बोटभर उंचीच्या वळ्या स्पष्ट दिसत होत्या. प्रत्येक वळीची वरच्या अंगाची बाजू उतरती, तर खालची एकदम तुटलेली असते. वाळूचा कण पाण्याच्या रेट्याने उतरणीवर चढतो, माथ्यावरून पलीकडे कोसळतो आणि पुढच्या कणांखाली गाडला जातो, म्हणून सगळी वळीच हळूहळू प्रवाहाच्या दिशेने सरकत राहते. खोल पाण्यात या वळ्यांऐवजी मोठी टेकाडे उभी राहतात, त्यांच्यामागे भोवरे उठतात आणि पाण्याचा बराच जोर त्यांतच खर्ची पडतो. मात्र पुराचा वेग फारच वाढला की टेकाडे पुसली जाऊन तळ सपाट होतो, घर्षण घटते आणि तेवढ्याच खोलीतून कितीतरी अधिक पाणी निघून जाते. कोथरूडजवळच खडकवासल्याला असलेल्या, 1916 मध्ये सुरू झालेल्या जलसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नद्यांच्या लहान प्रतिकृती करतात, पण त्या प्रमाणात वाळू बारीक केली तर ती चिखलासारखी चिकटते, ही अशा प्रतिकृतींमधील खरी अडचण आहे.

या वळ्यांचा माग घेत पाऊल पुढे पडत असतानाच एका वयस्क होडीवाल्याने जोराने हाक दिली, "माउली, तिकडं जाऊ नका! पाणी गुळगुळीत दिसतंय न्हवं, तिथं खड्डा हाय." होडी जवळ आणून त्याने बांबू टोचला तेव्हा तो गुडघाभर गेला, हातभर पलीकडे टोचला, तेव्हा तळच लागला नाही. "उथळ पाणी थरथरतंय. ज्ये थरथरत न्हाई, त्याला भ्यायचं," असे सांगून त्याने वाळू उपसलेल्या जागा एकेक करून दाखवल्या. खड्ड्याची कड पायाखाली ढासळते, कारण ओल्या वाळूला पाण्याखाली स्वतःचा असा आधार नसतो. शिवाय वरून सरकत येणारी वाळू त्या खड्ड्यातच अडकते, खालचे पात्र उपाशी राहते आणि खड्ड्याची वरची कड मागे मागे खचत जाते. धरणामागे वाळू आधीच अडलेली असताना हा उपसा म्हणजे नदीचे मुद्दलच खाणे होय.

आषाढी-कार्तिकीला स्नानास उतरणाऱ्यांनी म्हणूनच संथ, गुळगुळीत पाण्यापासून दूर राहावे आणि होडीवाल्यांना विचारल्याशिवाय पात्रात पुढे जाऊ नये.