हवेचे वजन

धनत्रयोदशीला कसबा बावड्याच्या आमच्या घरी एक जुना विद्यार्थी फराळाला आला. विमानाचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात तो कारागीर आहे. राळेत भिजविलेल्या कार्बनच्या कापडाचे साच्यावर थर द्यायचे, वर पातळ पिशवी घालून कडा चिकट पट्टीने बंद करायच्या, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि सुमारे १८० अंशांवर सारे भाजायचे, हे त्याचे काम. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या 'तेजस'च्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन अशाच पदार्थांचे आहे.

"म्हणजे करंजीच की!" आमची मंडळी म्हणाली. "कड नीट दाबली नाही, तर कढईत फुटते."

"अगदी तसंच, काकू. उष्णता दोनशेच्या वर गेली की साधी पट्टी दगा देते. मग खाचेत सिलिकॉन रबराची नळी दाबून बसवायची. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं, तरी हवा आत शिरते नि भाग वाया जातो."

"पण थरांना दाबतं कोण?" मी विचारले.

"बाहेरची हवाच, गुरुजी! चौरस मीटरला जवळजवळ दहा टन."

मी गप्प झालो. सातवीत यानेच विचारले होते, "हवेला वजन असतं का?" धडा उरकण्याच्या घाईत मी त्याला खाली बसविले; वर्ग हसला. पुन्हा त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही.

तो हे विसरला असावा. मी मात्र त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.