पळीभर डाळीचा हिशेब

भोजनशाळेत कायम तिथी नोंदविण्याची प्रथा जैन व्यापारी कुटुंबांत जुनी आहे. वडिलांची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस, वर्षीतपाचे पारणे. त्या दिवसाचे अन्न कुटुंबाच्या नावे लागावे, ही त्यामागील भावना. हीच प्रथा आता ‘तिथी भोजन’ या नावाने सरकारी शाळांच्या ओसरीवर आली आहे. गुजरातेत रुजलेली ही कल्पना देशभरच्या शालेय पोषण आहाराला जोडली गेली आहे. दात्यांची दृष्टी मात्र अद्याप भोजनशाळेचीच आहे. त्या दिवशी पुरी, बासुंदी, बुंदीचे लाडू होतात. मुले आनंदाने जेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ डाळीची खिचडी.

शाळेत मुलाला जेवू घालण्याचा विचार या देशात शंभर वर्षांचा आहे. १९२० साली सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या कारकिर्दीत मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत तो प्रथम अमलात आणला. पुढे १९५६ च्या सुमारास कामराजांनी तो खेडोपाडी नेला. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. तरीही अनेक राज्ये बरीच वर्षे महिन्याला तीन किलो कोरडे धान्य देऊन मोकळी होत. ते धान्य घरी जाई आणि साऱ्या घरात वाटले जाई. शिजवलेले अन्नच द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये सांगावे लागले.

प्राथमिक वर्गातील मुलासाठी ठरलेले माप असे: धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. वहीखात्याची सवय असलेल्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तांदळातून सुमारे सात ग्रॅम प्रथिने येतात, डाळीतून साडेचारच्या आसपास. म्हणजे सारा ताळेबंद त्या वीस ग्रॅम डाळीवर तोललेला आहे. डाळीत पाणी वाढले की पोट भरते, पण खात्यात तूट राहते. आणि ही तूट ताटात दिसत नाही.

२०२३ च्या अखेरीस महाराष्ट्राने आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यास केळे देण्याचे ठरविले, तेव्हा शाकाहारी समाजातून विरोध झाला. विरोधामागची अहिंसेची श्रद्धा प्रामाणिक होती. पण अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक. नकार देणाऱ्याने उरलेल्या पाच ग्रॅमची सोय करणे हे व्यवहाराला धरूनच आहे. ती अवघडही नाही. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढी प्रथिने असतात. शेंगदाणे, हरभरे, मटकी या मालाचे ठोक व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ज्या पेढ्यांवर झाले, त्यांच्या गोदामात हे सारे पडलेलेच असते.

मुख्याध्यापकांना किंवा खिचडी शिजविणाऱ्या बचत गटाच्या बायकांना एकदा विचारावे, काय कमी पडते? लाडू असे उत्तर बहुधा येत नाही. डाळ संपत आली आहे, मोड आणायला मटकी हवी, मुलांना पुरेशी ताटे नाहीत, अशी उत्तरे येतात. एका दिवसाच्या बासुंदीच्या खर्चात शंभर मुलांना कित्येक दिवस मूठभर भाजलेले दाणे देता येतात. त्याचा फोटो तितकासा चांगला येत नाही, हे खरे.